तीन नंबरची खोली

ऐन सीझनमध्ये, मंगळवारी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना, दहावाल्या काकूंची मुलगी दोन बॅगा, एक फुगलेली पिशवी आणि एक कुंडी घेऊन स्वतःच्या घराच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं.

"तू?"

"बुकिंग आहे," मुलगी म्हणाली. "तीन नंबर. चार रात्री."

"तीन नंबर कुठल्याशा कंपनीच्या नावावर आहे."

"ती माझीच कंपनी."

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चेक-इन दोनला असतं."

"पाच मिनिटंच राहिलीत, आई."

"मग बस. पाणी आणते."

आणि ती पाच मिनिटं मायलेकी बैठकीच्या खोलीत समोरासमोर बसून राहिल्या. बोलायला विषय नव्हता असं नाही. पण मध्ये एक नंबरच्या खोलीतले आजोबा टॉवेलवर येऊन, राष्ट्रीय उद्यानात प्राणी नेमके किती वाजता दिसतात, हे विचारून गेले. काकूंनी त्यांना "त्यांच्या सोयीने" असं उत्तर दिलं. हे उत्तर काकू दिवसातून सरासरी सहा वेळा देत.

दहावाल्या काकू हे नाव गावाने ठेवलेलं. चेकआउट दहा म्हणजे दहा. दहा वाजून एक मिनिटाने त्या खोलीच्या दारात झाडू घेऊन उभ्या राहत. बोलत काहीच नसत. झाडू फक्त दिसेल असा धरत. एकदा एका नवऱ्या मुलाचा अर्धा गाल साबणात असताना त्यांनी त्याला बाहेर काढलं होतं आणि उरलेला गाल त्याने बस स्टँडवर पूर्ण केला होता. तरी तो पुढच्या वर्षी परत आला, कारण अशा स्वच्छ चादरी डोंगरावर दुसरीकडे कुठे मिळत नव्हत्या.

काकू लग्न होऊन इथे आल्या तेव्हा गाव म्हणजे वनखात्याची एक चौकी, दोन दुकानं आणि भरपूर धुकं. मग जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला फाटक आलं, फाटकापाठोपाठ बस आल्या, आणि आता सीझनमध्ये दूध आणायला जायचं तर मागच्या गल्लीने जावं लागे, कारण पुढच्या रस्त्यावर माणसं माणसांचे फोटो काढत उभी असत. काकूंचे यजमान फाटकावर तिकिटं फाडायच्या कामाला. पंचवीस वर्षांत त्यांनी लाखो माणसं आत सोडली असतील, पण घरी विचारलं की म्हणत, "आज गर्दी होती." बस.

घराच्या खोल्या एकेक करून गेल्या. आधी बैठकीला लागून असलेली एक नंबर, मग नवरा-बायकोची स्वतःची दोन नंबर. सीझन लागला की काकू स्वयंपाकघरामागच्या बोळात घडीच्या खाटेवर झोपत आणि काका अडगळीच्या खोलीत, जादा गाद्यांच्या थप्पीवर. घरात सगळ्यात जास्त गाद्या त्यांच्याच वाट्याला असल्यामुळे त्यांची तक्रार नसे.

तीन नंबर मुलीची. नऊ वर्षांपूर्वी ती शिकायला शहरात गेली. दहा वाजताची बस होती. साडेदहाला काकूंनी तिच्या दारावर आकडा ठोकला. बस तेव्हा अजून डोंगर उतरत होती. काकूंचं म्हणणं असं की रिकामी खोली घरात ठेवणं म्हणजे नळ उघडा टाकून बाहेर जाणं. पहिल्या सुट्टीत मुलगी न कळवता घरी आली तर तिच्या पलंगावर एक बाई केस विंचरत बसलेली. बाई म्हणाली, "बरं झालं आलीस, एक टॉवेल आण." मुलीने टॉवेल आणून दिला. त्यानंतर ती फक्त सीझन संपल्यावर यायची, जेव्हा हॉटेलांना कुलपं, रस्त्यावर कुत्री आणि आकाश खाली आलेलं. आली की दोन दिवस राहायची, आईच्या हातचं जेवायची आणि निघायची. त्या टॉवेलाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

दोनचा ठोका पडला. काकूंनी किल्ली दिली आणि सवयीने सामानाकडे पाहिलं.

सामान वाचणं हा त्यांचा खरा धंदा. बुटांचे तीन जोड आणणारा माणूस गरम पाण्यावरून भांडतो. स्वतःची उशी आणणारा भला असतो, पण घोरतो. मुलीच्या पिशवीतून प्रेशर कुकरचा दांडा बाहेर आला होता. त्याच्याखाली इस्त्री. एका बॅगेला हिवाळ्याची रजई दोरीने बांधलेली. आणि ती कुंडी.

चार रात्रींसाठी कुणी कुकर आणत नाही. कुकर घेऊन आलेलं माणूस मागे काही ठेवून आलेलं नसतं. मुलगी जिन्याच्या पाचव्या पायरीवर पोचेपर्यंत काकूंना सगळं समजलं होतं: नोकरी गेली, शहरातली खोली सोडली, आणि घरी येऊ का असं विचारायचं धाडस झालं नाही म्हणून कार्टीने जुन्या कंपनीच्या नावाने बुकिंग केलं.

पण पाहुण्याला का आलात म्हणून विचारायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. आणि पंचाईत दुसरीच होती. शनिवारी सकाळी तीन नंबरमध्ये टोपीवाले येणार होते. नवरा, बायको, दोन मुलं, चौघांच्या पिवळ्या टोप्या, अकरा दिवस, सलग सातवं वर्ष. काकूंनी आयुष्यात कुणाचं बुकिंग मोडलं नव्हतं. सासरे वारले त्या सकाळीसुद्धा एक नंबरला चहा वेळेवर गेला होता.

बुधवारी मुलगी खाली आली.

"पायपुसणं ओलं आहे."

"बदलून देते."

"आणि नळ ठिबकतोय."

"प्लंबर सोमवारी येतो."

"सोमवारी मी नसणार."

"मग तुम्हाला त्रास नाही," काकू म्हणाल्या, आणि पोटच्या मुलीला तुम्ही म्हटलं गेलं हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. मुलीने टेबलावरचा 'गावात काय पाहाल' हा छापील कागद उचलला आणि मन लावून वाचायला लागली. तो तिनेच आठवीत असताना लिहून दिला होता. 'निसर्गरम्य'मधला गळलेला र अजून गळलेलाच होता.

"धबधबा बरा आहे का?" तिने विचारलं.

"लोक बरा म्हणतात. मी कुठे गेलेय?"

"चल मग माझ्याबरोबर."

"सीझनमध्ये?" काकू म्हणाल्या. चंद्रावर चल म्हटल्यासारखं.

गुरुवारी दुपारी काका जेवायला आले. ताटावर बसून त्यांनी अर्धी भाकरी संपवली. मग म्हणाले, "आज तीन नंबरचं तिकीट फाडलं."

"कोणाचं?"

"आपल्याच पोरीचं. मी म्हटलं, कचरा टाकू नका. ती म्हणाली, बरं."

"मग?"

"मग काय. आत गेलीच नाही. तिकीट काढून फाटकाजवळच्या बाकावर बसली. दोन तास."

"काय करत होती?"

"बसली होती." काका पाणी प्याले. "मागून चार बस गेल्या. मी मोजल्या."

पंचवीस वर्षांत काका एका जेवणात एवढी वाक्यं बोलले नव्हते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका ताटाकडे बघत म्हणाले, "माझी अडगळ देतो मी तिला. मी फाटकाच्या केबिनमध्ये झोपेन."

"अडगळीला खिडकी नाही."

"मग?"

"जेवा तुम्ही."

शुक्रवारी सकाळी काकू कुंपणापाशी गेल्या. पलीकडची शेजारीण चादरी वाळत घालत होती. पलीकडचीच्याही चार खोल्या, तिचंही चेकआउट दहाला, आणि अकरा वर्षं दोघींत शब्द नव्हता. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी बस स्टँडवर उतरलेल्या पाहुण्यांना सांगितलं होतं की शेजारच्या घरात ढेकूण आहेत. आधी कोण कुणाच्या घराबद्दल बोललं यावर गावात दोन तट होते.

"ऐकलंत का," काकू म्हणाल्या.

पलीकडचीने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी उभं आहे का ते.

"तुम्हालाच म्हणतेय."

"बोला की. अकरा वर्षं झाली, कान साफच ठेवलेत."

"तुमच्याकडे उद्यापासून खोली आहे? चौघांची?"

"असली तर?"

"माझी माणसं आहेत. सात वर्षांची. चांगली आहेत, बाथरूम पुसून बाहेर येतात."

"मग तुमच्याकडे का नाही ठेवत? छप्पर उडालं?"

काकूंनी कुंपणाची तार धरली. "मुलगी आलीय."

"राहायला?"

"सांगत नाही. पण कुकर आणलाय."

पलीकडचीच्या हातातली चादर थांबली. धंदा तोच असल्यामुळे पुढचं सांगावं लागलं नाही. क्षणभर ती खरोखर हळहळली. मग तिने चिमटा लावला आणि ती मूळ पदावर आली.

"ठेवते. पण माझं एक काम करायचं. चार माणसांत सांगायचं, माझ्याकडे ढेकूण नाहीत म्हणून."

"आत्ता म्हणते. तुमच्याकडे ढेकूण नाहीत."

"इथे नको. इथे तुम्ही, मी आणि चादरी. दुधाच्या दुकानात."

"सीझनमध्ये?"

"सीझनमध्येच."

दुधाच्या दुकानात रांगेत चौदा माणसं होती. त्यांतली अकरा पाहुणे. काकू पदर सारखा करून पुढे झाल्या.

"रांगेत या, बाई," कुणीतरी म्हणालं.

"दूध नकोय. सांगायचंय." काकूंनी घसा साफ केला. "आमच्या पलीकडच्यांकडे ढेकूण नाहीत."

दुकानदाराच्या हातातलं माप तसंच राहिलं. मग कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या एका गृहस्थाने अगदी नम्रपणे विचारलं, "मग कुणाकडे आहेत?"

"कुणाकडेच नाहीत."

"मग तुम्ही हे सांगताय कशाला?"

याचं उत्तर लांब होतं. काकू म्हणाल्या, "सांगून ठेवलेलं बरं," आणि बाहेर पडल्या. रांगेतल्या दोघांनी लगेच पँटी वर करून घोटे बघितले. संध्याकाळपर्यंत गावातल्या निम्म्या पाहुण्यांनी गाद्या उलटून पाहिल्या आणि काकूंच्या गच्चीवरच्या चार नंबरवाल्यांनी सामान बांधून मुक्काम हलवला. अकरा वर्षांपूर्वीसुद्धा एवढं नुकसान झालं नव्हतं. पलीकडचीने मात्र शब्द पाळला.

शनिवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना मुलगी जिना उतरली. बॅगा, पिशवी, कुंडी. तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"चादर घडी करून ठेवलीय. पंखा बंद केलाय."

"कुठली बस?" काकूंनी विचारलं.

"बघते. जी मिळेल ती."

"कुठे जाणारी?"

मुलगी कुंडीतल्या मातीकडे बघत राहिली. "त्याचंही बघते."

"बघून झालं की सांग. घाई नाही. तीन नंबरला पुढे बुकिंग नाही."

"आहे. टोपीवाले. आजच येतात ते, मला माहितीय."

"ते पलीकडे उतरले."

"पलीकडे म्हणजे?" मुलीने मान वर केली. "पलीकडे? आई, तू तिच्याशी बोललीस?"

"बोलावं लागलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, ठेवते."

"एवढंच?"

"मधलं दुधाच्या दुकानात विचार. सगळे सांगतील."

मुलगी खुर्चीवर बसली. कुंडी तिच्या मांडीवर होती आणि तिच्या खांद्यांबरोबर ती हलायला लागली. काकूंनी कुंडी काढून बाजूला ठेवली, कारण माती सांडत होती, आणि किल्ली उचलून मुलीच्या मुठीत कोंबली. "वर जा. झोप. चार दिवस झोपली नाहीयेस, उशीला खड्डासुद्धा नसायचा. मी रोज बघते."

त्यानंतर सामान वर न्यायला दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही काकांनी मारल्या. शनिवारी फाटकावर ते तासभर उशिरा पोचले, नोकरीत पहिल्यांदाच.

दुपारी बाराच्या सुमाराला, पाठीवर भलंमोठं ओझं घेतलेलं एक जोडपं दारात आलं. सगळं गाव फिरून झालं होतं. कुठेही जागा नव्हती.

"खोली मिळेल का? एकच रात्र."

"चार नंबर आहे. गच्चीवर."

"ती वरची नाही का मिळणार?" बाईने बोट दाखवलं. "खिडकीत झाड ठेवलंय ती. तिथून डोंगर दिसत असेल."

"ती देत नाही."

"रिकामी कधी होईल?"

"कल्पना नाही."

"आत कोण उतरलंय?"

"उतरलं नाही कुणी," काकू म्हणाल्या. "मुलगी झोपलीय आमची. जिन्यावर पाय वाजवू नका."