भावाच्या लॅपटॉपवरची चिठ्ठी

लिनक्सवाल्या दोस्तांनो, आज माझ्या हातून चूक झाली.

बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली त्या साली, देऊळघाटच्या वावरात फवारताना विषबाधा होऊन माझा भाऊ गेला. त्याच्या लॅपटॉपवर त्यानंच लावून ठेवलेली चिठ्ठी अजूनही रोज संध्याकाळी पाचला घंटी वाजून येते: "माय, चहा ठेव. वावरातून निघालो." माय चहा ठेवते.

आज त्यात मी दुसरं लिनक्स टाकलं, त्याच डेस्कटॉप प्रोग्रामची नवी आवृत्ती पाहायला. सगळ्या सेटिंग जिथं राहतात ते होम फोल्डर मात्र दोन्हीले एकच दिलं. नव्या आवृत्तीनं जुन्या सेटिंग बदलून टाकल्या.

जुन्या लिनक्सात परत आलो. पाचला घंटी वाजली. चिठ्ठी आली, पण कोरी.

मायनं पाहिलं. "काऊन रे, आज निघाला नाही का तो?"

बॅकअप नाही. ती ओळ परत कशी आणायची, कोणाले माहीत असेल तर सांगा. गॅसवर चहा उकळून राह्यला.