चौसष्ट जीबीत एकसष्ट मावेना

ऑफिसात कुणाचा प्रिंटर अडला की मला बोलावतात. वायर काढून पुन्हा लावायची, एवढीच माझी विद्या. पण तेवढ्या भांडवलावर भाईंदरातल्या सगळ्या नातेवाइकांत मी वीस वर्षं 'कॉम्प्युटरमधला माणूस' म्हणून मिरवतोय. मिरवत होतो म्हणा. माझ्या वडिलांनी एका दुपारी तो विषय संपवला.

वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं आयुष्य मिठागरावर गोणी वजन करून मोजण्यात गेलं. गेल्या वर्षी त्यांच्या आणि आईच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून आम्ही हॉल घेतला, जेवणावळ घातली. व्हिडिओवाल्यानं सगळं शूटिंग एका हार्ड डिस्कवर आणून दिलं. एकसष्ट जीबी. पन्नास वर्षांत दोघं एकमेकांशी जेवढं बोलले असतील, त्याला एक जीबीही पुष्कळ झाला असता.

चेण्याला राहणारी माझी आत्या गुडघ्यांमुळे समारंभाला येऊ शकली नव्हती. तिच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लागतो. वडील म्हणाले, "तिला सगला बगू दे. कायेक कापायचा न्हाय."

मी केबिन रोडवरून चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह आणला आणि वडिलांना शेजारी बसवून फाइली कॉपी करायला घेतल्या. कॉम्प्युटरनं ताबडतोब कळवलं की जागा कमी पडतेय.

वडिलांनी चष्मा लावला. "किती हाय तो?"

"चौसष्ट."

"आनि माल?"

"एकसष्ट."

"मंग?"

मी पेन ड्राइव्ह उघडून पाहिला. आत एकोणसाठ पूर्णांक सहा जीबी दिसत होते. अशा वेळी अज्ञानी माणूस गप्प बसतो. मी कॉम्प्युटरमधला असल्यामुळे बोललो. "बाबा, थोडी जागा सिस्टीम खाते. असतंच ते."

"म्हंजे घट," वडील म्हणाले. "मिठाला घट येते, ओलावा सुटतो म्हनून. ह्याला कंचा ओलावा?"

मी हसलो. वडील मात्र सदरा चढवून दाराशी उभे राहिले होते.

केबिन रोडच्या दुकानात त्यांनी पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला. "शेठ, चौसट लिव्हलाय तर चौसट द्या."

"काका, सबमें इतनाच आता है," दुकानदार म्हणाला. "कंपनीसेही ऐसा है."

"सबमें कम, म्हंजे काटा खोटा!"

चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसून, या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही असा चेहरा केला. दुकानदारानं भांडण टाळायला त्याच जातीचं एक पाकीट मागच्या बाजूनं वडिलांपुढे धरलं. "कंपनीने लिखा है काका, पढ लो."

मुंगीएवढ्या अक्षरांत तिथं खरंच काहीतरी होतं. वडिलांनी इंग्रजी माझ्याकडून वाचून घेतलं, शून्यं मात्र स्वतः नखानं मोजली. एक जीबी म्हणजे एकावर नऊ शून्यं, इतके बाइट.

"शंबर कोटी," ते म्हणाले. "आनि तुजा कॉम्प्युटर किती धरतो?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मोबाइलवर शोधलं, तर कळलं की कॉम्प्युटर दुपटीनं मोजत जातो. दोन, चार, आठ करत दहाव्या दुपटीला एक हजार चोवीस येतात, आणि त्यालाच तो हजार समजतो. एक केबी म्हणजे एक हजार चोवीस बाइट, तेवढे केबी म्हणजे एक एमबी, तेवढे एमबी म्हणजे एक जीबी. तीनदा वाढ होऊन त्याचा जीबी होतो एकशे सात कोटी सदतीस लाखांच्या वर.

वडिलांनी काउंटरवरचं पेन उचललं आणि जुन्या बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला. चौसष्ट गुणिले शंभर कोटी, भागिले एकशे सात कोटी सदतीस लाख. पाच मिनिटांत खाली उतरलं: एकोणसाठ पूर्णांक सहा.

"कंपनी खोटा न्हाय बोलत," ते म्हणाले. "माप दोन हायेत, नाव येकच. माज्या बापाच्या टायमाला वजनाच्या मनाचा असाच व्हता. व्यापाऱ्याचा मन वेगला, आपला वेगला. लोकांना वाटे मीठ चोरलाय." मग दुकानदाराकडे वळून त्यांनी हात जोडले. "शेठ, मी उगाच तापलो. तुमचा काटा बरोबर हाय."

दुकानदारानं आम्हाला चहा पाजला. त्यानंतर तो मला 'साहेब' म्हणेनासा झाला. वडिलांना अजून 'काका, आओ' म्हणतो.

घरी येऊन आम्ही दीड जीबीच्या वरची एकच फाइल काढून टाकायची ठरवली. आईनं यादी ऐकली. हार, केक, जेवण, आजोबांचा फोटो, नातवंडांचा नाच, माझं भाषण. "भाषण काढा," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली. ते एकटंच सव्वादोन जीबी निघालं. बाकी सगळं पेन ड्राइव्हमध्ये आरामात बसलं.

रविवारी वडील तो स्वतः चेण्याला घेऊन गेले. संध्याकाळी आत्याचा मला फोन आला. रडून तिचा आवाज बसला होता.

"दोनदा बगितला रे," ती म्हणाली. "सगला आला त्यात. कायेक राहिला न्हाय."