भाचीच्या रंगाचा फोटो

फोटो छापायचा प्रिंटर घरात आला आणि मी चार दिवस हवेतच होते. "ऑफिसात वीस वर्षं प्रिंटरच तर हाताळतेस, त्यात काय एवढं?" आमचे हे म्हणाले. ह्यांना काय सांगणार! धुळ्यातल्या आमच्या कॉलेजचा प्रिंटर म्हणजे काळी अक्षरं आणि अडकलेले कागद. हा रंगीत होता, आणि मुख्य म्हणजे माझा होता. पहिल्याच दिवशी मी मांजर छापली, गच्चीवरचं वांग्याचं रोप छापलं आणि ह्यांचं टक्कलही मागून छापलं. टक्कल फार सुरेख आलं.

त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. ही माझ्या भावाची मुलगी, पारोळ्याला शाळेत गणित शिकवते. साक्रीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आजोबांना मोबाइलवरचं दिसत नाही, म्हणून बायोडाटा कागदावर हवा होता, फोटोसकट. मध्यस्थ गुरुवारी दुपारी धुळ्याहून निघणार होते आणि पाकीट माझ्याच घरून नेणार होते.

"स्टुडिओत मी जाणार नाही," भाची म्हणाली. "फोटो तू छाप. आणि मी आहे तशी छाप."

का, ते मला पक्कं ठाऊक होतं. मागच्या वर्षी जळगावहून पाहुणे आले होते. स्टुडिओवाल्यानं फोटोत तिला न विचारता गोरीपान करून टाकलं होतं. आमच्याकडे मुलीचा फोटो म्हटला की तो हे आपणहूनच करतो, वर कौतुकाची वाट बघतो. भाची पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाची मावशी हातात फोटो धरून सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटोमानी पोर कोठे शे?" मी तोंड उघडणार एवढ्यात दादानं डोळ्यांनी गप्प केलं. तो राग अजून माझ्या पोटात आहे. भाचीनं तेव्हाच वडलांना बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर मी कोणापुढे येऊन बसणार नाही.

तर मी पदर खोचला. शाळेच्या आवारात सकाळच्या उन्हात तिच्या मैत्रिणीनं काढलेला फोटो तिनं व्हॉट्सॲपवर पाठवला. छापला, तर चेहरा ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा. पापण्या तर नाहीतच. मी यंत्राला नको ते बोलले, मग कळलं की व्हॉट्सॲपवर फोटो बारीक होऊन येतो. भाचीनं तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला. या वेळी शाई कागदावर नुसती तरंगली, अंगठा लावला तर गाल अंगठ्याला आला. कागद उलटा घातला होता! या यंत्रात चकचकीत बाजू खाली घालतात. तिसऱ्या खेपेला आडव्या रेघा, कारण सेटिंग साध्या कागदाचंच राहिलं होतं. ह्यांनी विचारलं, "शेजारच्या शहरात ऐकू गेलं का तुझं?"

चौथ्या खेपेला फोटो पेपर निवडला, सर्वांत चांगला दर्जा निवडला आणि हात जोडून उभी राहिले. यंत्र सावकाश कागद बाहेर ढकलत होतं. आधी केस आले, एकेक वेगळा. मग भुवया, कानातलं, साडीच्या काठावरची खडूची पूडसुद्धा! मी ओरडलेच. फक्त चेहरा पडद्यावर दिसत होता त्यापेक्षा काळपट आला होता. माझ्या डोळ्यांसाठी मी पडद्याचा उजेड कायम पूर्ण ठेवते, त्यामुळे तिथे सगळं उजळच दिसतं. म्हणून फोटो थोडा उजळ केला. मग आणखी थोडा. मग आणखी. पाचवा फोटो असा देखणा आला की मी तो ह्यांना तीनदा दाखवला.

बुधवारी शाळा सुटल्यावर भाची बसनं आली. मी ऐटीत फोटो तिच्या हातात दिला.

"आत्या, हाई कोन शे?"

मी पडद्याचं आणि उजेडाचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. पडद्याचा दोष फार तर पहिल्यांदा उजळ केलं तेवढ्यापुरता होता. पुढचं सगळं माझ्या हातानं केलं होतं, आणि हाताला ते करताना काही वाटलंही नव्हतं. वर्षभर स्टुडिओवाल्याला शिव्या घालणारी मी. मला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "चल, परत छापू."

गुरुवारी सकाळी आम्ही एकाच कागदावर तिच्या गालाचे सहा तुकडे छापले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा गडद. ते कापले आणि गच्चीवर उघड्या उजेडात एकेक तिच्या मनगटावर ठेवून पाहिला. चौथा तुकडा ठेवला आणि तो दिसेनासाच झाला. "हाच!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो. खालून ह्यांनी विचारलं, "साप निघाला का?" मध्यस्थ दारात आले तेव्हा फोटो पाकिटात तयार होता.

रविवारी पाहुणे पारोळ्याला आले, मीही गेले होते. भाची समोर येऊन बसली. मुलाच्या आईनं पिशवीतून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. बाई स्वतः चांगल्या सावळ्या होत्या.

"फोटोमा शे तशीच शे पोर," त्या म्हणाल्या. "कोनी छापा हाऊ फोटो?"

दादानं माझ्याकडे बोट दाखवलं. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मना बी एक असाच काढी द्या ना. लगीन व्हयनं तव्हयपासून बठ्ठा फोटोस्मा मी गोरीच शे."

लग्नापासूनच्या सगळ्या फोटोंत गोऱ्या झालेल्या त्या बाईंना मी अंगणात उजेडाला उभं केलं. मोबाइल वर धरला, तेवढ्यात भाची कोणी न सांगता बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.