लोणच्याची बरणी आणि मोराची डबी: नगर ते केज

अक्काचं पत्र आलं आणि मी दुकानाला कुलूपच लावलं. माझा धंदा पुस्तकं बांधायचा. दुसऱ्यांची प्रवासवर्णनं शिवून शिवून बोटं झिजली, पण स्वतः नगरची शीव ओलांडून निजामाच्या मुलखात कधी पाऊल टाकलं नव्हतं. माझी थोरली बहीण गोदाअक्का सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली ती थेट केजला. दाजी मूळचे आमच्याच गल्लीतले. तिकडे जाऊन ओसरीवर पोरं शिकवू लागले आणि तिथेच रमले.

पत्रात लिहिलं होतं, केजला सरकारी शाळा निघते आहे, मास्तर म्हणून ह्यांचं नाव पुढे आहे. पण नोकरी फक्त मुल्की माणसाला, म्हणजे त्या राज्यातल्या रहिवाशाला मिळते. दाजी जन्माने बाहेरचे. तिथे पंधरा वर्षं राहिल्याचं आणि परत गावी जायचा विचार कायमचा सोडल्याचं गावाच्या साक्षीने सिद्ध करायचं होतं. ते जमलं तर आम्ही इथलेच, नाही जमलं तर नगरला परत येऊ, असं अक्काने शेवटी लिहिलं होतं.

आईने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "नाही जमत ते," ती म्हणाली. "तू जा आणि तिला घेऊनच ये." आणि लगेच लोणच्याची बरणी भरायला बसली. मला काय, दोन्ही बाजूंनी आनंदच! मुलूख बघायला मिळणार आणि येताना अक्का सोबत.

नगरहून बीडला आष्टीवरून सरळ वाट आहे, पण मामाची बैलगाडी शेवगावला जायची होती, म्हणून मी त्या बाजूने गेलो. वेळ असेल तर तुम्हीही असंच जा. दसरा होऊन गेला होता, ज्वारी गुडघ्याला लागली होती आणि हवा अशी की गाडीत झोपावंसं वाटू नये. शेवगावहून दुसरी गाडी करून उमापूर गाठलं आणि मी परमुलखात शिरलो! माती तीच, बाभळी त्याच, पण मी उगाचच गाडीत ताठ बसलो.

नाक्यावर शिपायाने सामान उतरवायला लावलं. बरणीवर काठी ठेवून म्हणाला, "इसमें क्या है?"

"लोणचं. बहिणीला."

"खोलो."

आईने तीन पदरी फडकं बांधलं होतं. मी सोडलं. त्याने वास घेतला, मान डोलावली आणि जाऊ दिलं. पण ते फडकं पुन्हा बांधायला मला कुठे जमतंय! गेवराई येईपर्यंत माझ्या धोतरावर तेलाचा नकाशा उमटला होता. तेव्हा ह्या वाटेने जाणाऱ्यांनी बरणी नाका ओलांडल्यावरच पक्की बांधावी. आणि आपले इंग्रजी कलदार रुपये तिथेच मोडून निजामाचे हाली घ्यावेत, पुढे दुकानदार कुरकुर करतात.

गेवराईला एका खानावळीत भाकरी आणि असा ठेचा खाल्ला की कान गरम झाले. बीडला पोचलो तर बाजारात सीताफळांचे ढीगच्या ढीग! एका म्हाताऱ्या फळवाल्याने पोटच्या पोराला निरोप द्यावा तसं एकेक फळ हातात तोलून दिलं. मी सहा खाल्ली. बिया मोजल्या नाहीत.

बीडहून केजला मोटार मिळाली. मोटार म्हणजे वर ताडपत्री, खाली बाकं आणि मधे कोंबड्या. माझ्या शेजारी एक शेतकरी आणि समोर बीडच्या पेठेत फळं विकणारा एक बागवान, दोघांची जुंपली होती.

"तहसिलीत बगा," शेतकरी म्हणाला. "सायब लखनौचा, कारकून औरंगाबादचा, दुकान मारवाड्याचं, मास्तर पुन्या-नगरचा. मंग आमच्या पोरान्नी शिकून करायचं काय? ढोरं वळायची?"

"अन् चहा कुनी आनला बे?" बागवान हसला. "भायेरच्यानंच ना? आता सकाळी चहा न्हाई भेटला तर तूच बोंबलतो."

"चहा येगळा, नौकरी येगळी."

माझ्याकडे वळून शेतकऱ्याने विचारलं, "तुमी कुठले?"

"नगरचा," मी म्हणालो आणि बाहेर बघू लागलो. मोटारीत हशा पिकला. मला राग आला नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त दाजींचं काय होणार, हा विचार पहिल्यांदाच नीट मनात आला.

केजला अक्का दारातच उभी होती. मला बघून रडली, मग माझं धोतर बघून हसली. तिच्या बोलण्यात 'लई' आणि 'न्हाई' असे काही मुरले होते की माझी बहीण आणि शेजारीण एकाच वेळी बोलत असल्यासारखं वाटलं. अकरा वर्षांची भाची चंद्रा मला म्हणाली, "मामा, तुमी असं नाकात कावून बोलता?" घ्या! आता मीच परका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत चौकशी होती. अख्खी ओसरी भरलेली. तहसिलीतून चौकशीला आलेले पेशकारसाहेब स्वतः लखनौकडचे, अगदी मऊ उर्दू बोलायचे, आणि कारकून ते मराठीत सांगायचा. दाजी सोळा वर्षं केजला राहतात ह्याबद्दल कुणाचीच हरकत नव्हती. पण गावचे वतनदार बाबाराव देशमुख उठले. पांढऱ्या मिशा, आवाज शांत.

"मास्तर माणूस चांगला हाय," ते म्हणाले. "माझी नातवंडं त्याच्याकडंच शिकली. पर ह्यो हिथला हाय, हे मी कसं म्हनू? बायकू बाळंतपणाला नगरला गेली. अधनंमधनं दिवाळी नगरला. उद्या म्हातारपणी सासऱ्याच्या गावाला जाऊन बसंल. अन् आमच्या गावातलं एखादं पोरगं तवर ह्या जागंची वाट बगत बसंल व्हय?"

साहेबांनी दाजींकडे पाहिलं. दाजी सगळ्यांना व्याकरण शिकवतात, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की घसा खाकरत बसतात.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने हमीदाबी उठल्या. गावातल्या निम्म्या लोकांना ह्या सुईणीनेच जगात आणलेलं, देशमुखांच्या नातवंडांनासुद्धा.

"देशमुख, ह्याच्या पोरीची नाळ मी माज्या हातानं पुरली. ह्याच्याच घरात, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला."

नाळ जिथे पुरतात तिथलं माणूस, हे सगळ्यांच्याच घरी पाळलं जातं.

"बी, पोरगी तर नगरला झाली," देशमुख म्हणाले. "पहिलटकरीन म्हायेरीच जाती. नाळ हिथं कशी आली?"

"मास्तरनं आणली. सुकून पडलेली."

"कुनी बगितलं?"

कारकुनाने समजावून सांगितलं की अर्जदाराचा स्वतःचा शब्द धरता येणार नाही, आणि हमीदाबींनी पुरताना पाहिलं, आणताना नाही.

पण मी पाहिलं होतं! चंद्राच्या बारशाला दाजी आले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. त्यांनी आईजवळ नाळ मागितली होती. आई हबकली. असली वस्तू कुणी मागतं का, करणी-बिरणी करायची आहे का, म्हणून तिने आठ दिवस तोंड फुगवलं होतं. शेवटी दिली, पण जावयावरची अढी तिने अकरा वर्षं जपली. नाळ कशासाठी हवी होती हे तिला कधीच कळलं नाही. मलाही ते आत्ता, ह्या चावडीत बसून कळलं.

मी गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. दाखला नाही, नोकरी नाही. अक्का माझ्यासोबत नगरला. आई दारात वाट बघत असणार. खरं सांगतो, एक क्षणभर मी खाली मान घालून बसलोही. मग अक्काकडे पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही; ती चंद्राची वेणी घट्ट धरून बसली होती.

मी उठलो. "मी पाहिलंय. मी मास्तरांचा मेव्हणा, नगरचा. त्यांनी ती रुमालात गुंडाळून चुन्याच्या पितळी डबीत ठेवली. झाकणावर मोर होता, एका पायाचा. दुसरा पाय घासून गेलेला."

हमीदाबींनी कमरेचा बटवा सोडला आणि आतून एक डबी काढून साहेबांपुढे ठेवली. "मास्तरनं मला तवाच देऊन टाकली. तंबाकू ठिवते."

पितळी डबी. झाकणावर एका पायाचा मोर. अहो, मला तिथेच नाचावंसं वाटलं!

देशमुखांनी डबी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि साहेबांपुढे परत ठेवली. मग म्हणाले, "नाळ हिथं पुरली म्हनल्यावर बोलणं खुंटलं. लिवा सायब, मी सही करतो." बसता बसता दाजींना म्हणाले, "पर गावातलं एक पोरगं हाताखाली घ्यायचं, मास्तर. तुमच्यामागं त्यो."

"कबूल," दाजी म्हणाले. दिवसभरातला त्यांचा हा पहिला शब्द.

पेशकारसाहेब डबीकडे बघत हळूच म्हणाले, "हमारी नाल तो वहीं रह गई." कारकुनाने ते मराठीत सांगितलं नाही.

मग आम्ही सगळे बैलगाडी करून धर्मापुरीचं जुनं देऊळ बघायला गेलो. वाटेत मुक्काम करायची तयारी ठेवा, शिधा बरोबर घ्या, आणि देवळाच्या बाहेरच्या भिंती सकाळच्या उन्हात बघा. दगडातल्या बायका आत्ता बोलतील अशा आहेत. चंद्राने प्रत्येकीला नाव ठेवलं. मी आयुष्यात इतका हसलो नव्हतो.

परतीला आष्टीच्या वाटेने एकटाच आलो. आई दारातच होती. माझ्या मागे कुणी नाही हे तिने पाहिलं आणि ती आत वळली. मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. मोटार, सीताफळं, देशमुख, हमीदाबी, डबी. नाळ कुठे पुरली ते सांगितलं, तेव्हा तिचा पीठ मळणारा हात थांबला.

"तेवढ्यासाठी मागत होता?" ती म्हणाली.

"तेवढ्यासाठी."

"मग तेव्हाच सांगायचं होतं की मला." तिने पदराने डोळे पुसले. पीठ गालाला लागलं.

मी तिच्याकडून बोलणी खायची तयारी करून बसलो होतो. सकाळी उठलो तर ती माळ्यावरून मोठी बरणी काढत होती.

"नाक्यावर उघडायला लावतात म्हणालास ना?" ती म्हणाली. "ह्या खेपेला मीही येते, तिथे परत मीच बांधीन. तुझ्या हाताची गाठ काही कामाची नाही."