एका चहात हेड किती तारखा घसरतं? ट्रायपॉडच्या डोक्यासाठी आर्वी-पुलगाव

हे लिहायचं मी सव्वा महिना टाळलं. आधी म्हटलं फोटो निवडायचेत, मग म्हटलं लाईट गेली, मग चक्क कपाट आवरलं, जे मी एरवी कधी आवरत नाही. “कमी पैशात ट्रायपॉडचं हेड कोणतं घेऊ?” असं तुमच्यापैकी चौघांनी विचारलं होतं. पण मला हेड का शोधावं लागलं हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नव्हतं, आणि ते जिला आधी सांगायला हवं तिलाच अजून सांगितलेलं नाही.

ती म्हणजे शुभाताई, माझी मोठी बहीण. कॅमेरा तिचा आहे. ती अमरावतीला एका ऑफिसात क्लार्क आहे. दोन वर्षं पैसे साठवून तिनं तो घेतला, आणि लगेच घरात बाळ आलं. मागच्या वेळी गेले तेव्हा तिनं तो कपाटातून काढून माझ्या मांडीवर ठेवला. “घेऊन जाय, इथं धूळ खाऊन राह्यला,” म्हणाली. “पडला-झडला तं मले सांगजो. लपवलं तं मंग कधीच देनार नाई.”

मी बोरधरणाला गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायपॉडचे पाय वेगळे आणि वरचं डोकं वेगळं. कॅमेरा बसतो, वळतो, वाकतो तो डोक्यावर. माझं बॉल हेड होतं, म्हणजे वाटीत गोटी. धुळीनं ते कुरकुरायला लागलं होतं. आमच्या घरात जे कुरकुरतं त्याला तेल मिळतं. दार, सायकल, पंखा, सगळ्यांना. मी आईच्या शिलाई मशीनच्या डबीतलं तेल सोडलं. गोटी अशी गुळगुळीत फिरायला लागली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

धरणाच्या काठावर सकाळी पलीकडे एक बगळा बसला होता. लेन्स पूर्ण झूम केली, हेडचा नॉब आवळला, हात काढला. डोक्यानं मान टाकली आणि लेन्सच्या वजनानं अख्खा ट्रायपॉड तोंडावर गेला. काच वाचली. फोटो अजूनही नीट येतात. पण लेन्सच्या पुढच्या कड्याला शेंगदाण्याएवढा पोचा आला. त्या दिवशी मी घरी येऊन तो पोचा अंगठ्यानं किती वेळ चाचपत बसले ते विचारू नका.

ताईला फोन केला नाही. त्याऐवजी ठरवलं की नवं हेड घ्यायचं. जणू नवं हेड घेतलं की जुना पोचा भरून येणार.

ऑनलाईन पाहिलं तर डोकं गरगरलं. माझं बजेट हजार-बाराशे. तेवढ्यात मिळणाऱ्या प्रत्येक हेडच्या डब्यावर आठ किलो, दहा किलो पेलतं असं छापलेलं, आणि खालच्या तक्रारी वाचल्या तर सगळ्यांच्या माना पडलेल्या. शेवटी कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं आर्वीच्या गोटूदादांचं नाव सांगितलं. ते लग्नांचं शूटिंग करतात आणि जुनं सामानही विकतात.

गुरुवारी सकाळी बोरगाव मेघेहून ऑटोनं वर्ध्याच्या स्टँडवर आणि तिथून आर्वीच्या एसटीत. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पन्नासाच्या आत काम झालं. कॅमेऱ्याची बॅग मांडीवर, ट्रायपॉडची लांब काळी पिशवी पायांत. शेजारच्या मावशींनी खूप वेळ तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तोफ हाय का वं थे?” कंडक्टर म्हणाला, पोरीचं अर्धं तिकीट, पण तोफेचं पूर्ण लागते. सगळे हसले. मीही हसले, पण प्रत्येक खड्ड्याला बॅग उचलून धरत होते. पुढे कापसाचे ट्रॅक्टर होते, अर्धा तास त्यांच्यामागे सरपटलो. मधेच ताईचा फोन वाजला. मी स्क्रीनकडे पाहत राहिले आणि तो वाजून थांबला.

आर्वीच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. वीस रुपये, आणि तर्री इतकी तिखट की थोडा वेळ सगळी काळजी विसरायला झालं. कुणी जात असाल तर जास्तीची तर्री जपून मागा.

गोटूदादांचं दुकान म्हणजे एक खोली, मागे निळा पडदा, भिंतीवर मोठं कॅलेंडर. वर्ध्याहून नेलेलं गोरसपाक बिस्किटांचं पाकीट त्यांनी लगेच फोडलं. मग दोन हेडं समोर ठेवली. एक नवं कोरं बॉल हेड, काळं-लाल, हजाराचं, डब्यावर आठ किलो. दुसरं तीन दांड्यांचं, एकेका दिशेला एकेक दांडी आवळायचं जुनं पॅन हेड, रंग उडालेलं, एका दांडीला सायकलच्या हँडलचं रबर. माझा जीव अर्थातच काळ्या-लालवर.

दादांनी बॉल हेड त्यांच्या स्टँडवर चढवलं, ताईचा कॅमेरा लावला, पूर्ण झूम करून चौकटीचा मध्य कॅलेंडरवरच्या पाच तारखेवर आणला, आवळलं आणि चहा सांगितला. त्यांची रीतच ती. चहा संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. चहा संपला तेव्हा चौकट पाच तारखेखालच्या घरात उतरली होती.

“एका चहात एक तारीख घसरलं,” दादा म्हणाले. “लग्नात फेरे होईस्तोर नवरदेवाचे जोडेच दिसतीन.”

मग पॅन हेड आणि दुसरा चहा. पाच तारीख तिथेच. मला तिसराही चहा घ्यावासा वाटला, खात्री म्हणून.

कॅमेरा काढताना त्यांचं बोट कड्यावरून फिरलं आणि थांबलं. विचारलं, कॅमेरा कोणाचा? सांगितलं. ताईला सांगितलं का? मी म्हटलं, काच फुटलेली नाही.

“फुटली असती तं सांगतलंच असतं तू, दुसरा रस्ताच नव्हता,” ते म्हणाले. “नाई फुटली म्हनून लपवून राह्यली.”

मग त्यांनी पॅन हेड कागदात गुंडाळलं. नऊशे सांगितले होते, सातशे घेतले. मग लक्षात आलं की ते माझ्या पायांवर बसतच नाही. हेडचं भोक मोठं, माझ्या पायांचा बोल्ट बारीक. मधे पितळी बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली कडी लागते, ती दादांकडून हरवली होती. म्हणाले, पुलगावला स्टेशनाजवळ वामनकाका आहेत, पूर्वी सूतगिरणीत होते, आता घरीच लेथ चालवतात. पाचच्या आत जाजो, पाचला ते मशीन पुसतात.

दुपारची पुलगाव बस मिळाली. सरळ गेले असते तर चारला पोचले असते. पण वाटेत गवतातून पूर्वीच्या छोट्या नॅरोगेज रेल्वेचे रूळ दिसले आणि मी उतरले. का, ते मला आजही सांगता येणार नाही. त्या रुळांवरून चालत गेले, एका पडक्या फलाटावर बसले, तिथे बोरं विकणाऱ्या एका बाईकडून दहाची बोरं घेतली. फोटो सुंदर आला असता, पण डोकं कागदात आणि पाय पिशवीत. मग घड्याळ पाहिलं आणि रस्त्याकडे धावले. पुढची गाडी येता येईना. एका मालवाहू ऑटोत तुरीच्या पोत्यांवर बसून पुलगाव गाठलं तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. गावाजवळ दारूगोळ्याचा डेपो आहे, तिथे कॅमेरा काढायचा नसतो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. मी तर खांद्यावरची काळी पिशवीही हातात धरून, मान खाली घालून चालले.

वामनकाकांच्या हातात पुसायचं फडकं होतं. त्यांनी आयुष्यात ट्रायपॉडचं काम केलं नव्हतं, पण हेड उलटं करून म्हणाले, “हे तीन सूत, तुयं दोन सूत. बाहेरून तीन, आतून दोन. बस.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; जे मी ऑनलाईन इंचात वाचून गोंधळले होते ते एका वाक्यात संपलं. पितळेचा तुकडा फिरायला लागला. मी जुनं बॉल हेडही दाखवलं. त्यांनी गोटीवर बोट घासलं आणि वास घेतला.

“याले तेल कोनं देल्लं?”

“मी.”

“काऊन?”

“कुरकुरत होतं.”

“हे ब्रेक हाय, पोरी. ब्रेकले तेल देते का कोनी?”

त्यांनी ते उघडून रॉकेलमध्ये धुतलं, कोरडं पुसलं, परत जोडलं. घट्ट धरायला लागलं. म्हणजे डोकं चांगलंच होतं. मी सातशे रुपये आणि एक दिवस घालवून हे शिकले.

बुशचे साठ रुपये देताना त्यांनीही पोचा पाहिला. लाकडी ठोकळा लावून हळूच सरळ करून देऊ का, म्हणाले. कोणाला कळणारही नाही. मी कॅमेरा पुढे केला. खरंच केला. मग ठोकळा आणि हातोडी दिसली आणि मी तो मागे घेतला. फार प्रामाणिक होते म्हणून नाही, काच फुटेल म्हणून. संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये वर्ध्यापर्यंत ती बॅग कुशीत धरून बसले. ताईचा आणखी एक मिस्ड कॉल होता.

तर तुमचं उत्तर. डब्यावरच्या किलोंवर जाऊ नका. स्वतःचा कॅमेरा, स्वतःची जड लेन्स घेऊन दुकानात जा, पूर्ण झूम करा, एका खुणेवर आवळा आणि चहा प्या. लांब झूम असेल तर कमी पैशात जुनं पॅन हेड बरं. छोटी लेन्स असेल तर साधं बॉल हेडही पुरतं. दोन सूत-तीन सूत आधी मोजून जा. आणि गोटीला तेल देऊ नका.

आज दुपारी घरी पुन्हा चहा-परीक्षा घेतली. आमचं कॅलेंडर पुढच्या दाराशेजारी आहे. पॅन हेड हललं नाही. नंतर झूम मागे घेऊन कॅमेरा तसाच चालू ठेवला आणि हे लिहायला बसले, कारण समोर काहीतरी स्थिर असलं की मला लिहिता येतं. हे वाक्य झालं की ताईला फोन करायचा आणि मगच पोस्ट टाकायची, असं ठरवलं आहे. आधी फोन. नक्की.

अंगणातून आईची हाक आली. “अवं, शुभा आली पाय, बाळाले घेऊन. सांगतलं बी नाई हिनं.”

स्क्रीनवर कॅलेंडर जागच्या जागी आहे. बाजूच्या दारात ताई उभी आहे, बाळ कडेवर. ती सरळ लेन्सकडे बघते आहे.