मेहुण्यानं तपासलेली पिकअप

साऱ्या खानदेशात माणसाआधी गाडीची तब्येत विचारणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मेहुणा म्हणून आला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. भडगावला त्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि खाली तेलानं काळी पडलेली जमीन. मी नवरदेव म्हणून त्यांच्या दारात उतरलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हा वऱ्हाडाच्या गाडीखाली डोकं घालून पडला होता. तिथूनच म्हणाला, "दाजी, हाउसिंगमधून तेल गळी ऱ्हायनं." तोपर्यंत मला दाजी कोणी म्हटलं नव्हतं. आयुष्यातलं पहिलं दाजी मी गाडीखालून ऐकलं.

मी चौथीपर्यंत शिकलो, तो माझ्याहून एक वर्ग कमी. पण मोठा पाना इंजिनावर टेकवून दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो तेव्हा वाटतं, हा आता पोथी सांगणार. पाना नसेल तर शेतातली पऱ्हाटी उपटून लावतो. जेवताना रस्त्यावरून गाडी गेली की घास तोंडात तसाच राहतो. एकदा आमच्याकडे पंगतीला बसला असताना एक ट्रक गेला. हा उष्ट्या हातानं उठला, धावत जाऊन ट्रक थांबवला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "तिसरा सिलिंडर मिस मारी ऱ्हायना." ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, मांगे बकरी शे, ती खोकस." यानं ऐकलं नाही. बॉनेट उघडायला लावलं, अर्धा तास कान लावला, काहीच निघालं नाही. शेवटी मागे जाऊन बकरीच्या बरगड्यांना कान लावला आणि परत येऊन सांगितलं, "मंग बकरीले डॉक्टरले दखाडा." चूक झाली असं तोंडातून निघालं नाही. वरण गार झालं म्हणून उलटा बहिणीवर चिडला.

गाडीच्या बाबतीत तो खोटं बोलत नाही, आणि दुसऱ्याला बोलू देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी थोडीच चालली आहे. हा काट्याकडे बघतसुद्धा नाही. वाकून पेडलचे रबर चाचपतो आणि म्हणतो, "काटा खोटं बोलस, रबर नही." पण त्याचा खरा राग एकाच जातीच्या माणसावर, उकळती गाडी हाकणाऱ्यावर. तो माणूस त्याच्या लेखी माणसांत नाही. एका गावचा सरपंच लग्नाला उशीर होतो म्हणून वाफ सोडणारी जीप तशीच हाकत गॅरेजवर आला. मेहुण्यानं जीपला सावलीत घेतलं आणि सरपंचाला उन्हात उभं केलं. प्यायला पाणीसुद्धा देऊ दिलं नाही. तासाभरानं त्याला विचारलं, "आते समजनं का, तिले कसं वाटनं व्हई?" सरपंच बिचारा मान हलवून मोकळा झाला.

आणि मी तेच केलं होतं. ते लपवून काही उपयोग नाही, म्हणून इथंच लिहितो.

माझ्याकडे जुनी पेट्रोलची पिकअप होती. कांदे, मिरच्या भरायचो आणि धुळ्याच्या बाजारात न्यायचो. बायको शेजारी बसायची. वैशाखात एका दुपारी तिला श्वास घेता येईना. तिला पिकअपमध्ये बसवलं आणि धुळ्याकडे निघालो. अर्ध्या रस्त्यात इंजिन तापल्याचा काटा वर जाऊन चिकटला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. पाण्याचा डबा मागे होता. पण तापलेलं इंजिन निवल्याशिवाय पाणी घालता येत नाही, म्हणजे अर्धा तास रस्त्यात उभं राहायचं. ती गॅरेजवाल्याची बहीण. तसल्या श्वासातही म्हणाली, "थांबा, गाडीले पानी द्या." मी थांबलो नाही. दवाखान्याच्या फाटकाशी इंजिनानं दोन ठोके दिले आणि गप्प झालं. ती अकरा दिवस दवाखान्यात होती. मग तीही गेली. गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली आणि अंगणात उभी केली, ती वर्षभर तशीच उभी.

नाशिकचा मुलगा म्हणायला लागला, "आबा, भंगारवाल्याला देऊन टाका. तो येऊन कापून नेतो." मी म्हटलं, मामाला दाखवतो, मामा सांगेल तसं. बोलून बसलो खरा. गाडी कापली जाईल ही एक भीती. दुसरी तिच्याहून मोठी. हा इंजिन उघडणार, आत चीर सापडणार, आणि उकळती कोणी हाकली हे त्याला विचारावंसुद्धा लागणार नाही. मुलं आपापल्या घरी. ती कशी होती, काय बोलायची, हे ज्याच्याशी बोलता येईल असा हा एकच माणूस मला उरला होता. तो तुटला असता तर मी कोणाशी बोलणार होतो?

रविवारी पहिल्या एसटीनं आला. खांद्यावर पान्यांची पिशवी. मला रामराम नाही, गाडीभोवती तीन फेऱ्या. मग तेलाची पट्टी बाहेर ओढली. तेल दुधाच्या चहासारखं झालेलं, म्हणजे आत पाणी शिरलं होतं. मी त्याच्या मागेच उभा होतो, मला दिसलं. त्यानं पट्टी स्वतःच्या पँटीला पुसली, आवाज न करता परत खोचली आणि म्हणाला, "मांगून सुरू करू." जगातला प्रत्येक मिस्त्री इंजिनापासून सुरू करतो. हा मागच्या चाकांपासून सुरू झाला.

चार रविवार लावले त्यानं. एका रविवारी हाउसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या दातांच्या पेटीचं, तेल काढलं ते थेट माझ्या बायकोच्या परातीत. त्यात लोहचुंबक फिरवत बसला, तांदळातले खडे निवडावेत तसा. लोखंडाचा चुरा किती, यावरून आतले दात किती झिजले ते कळतं. म्हटलं, "लेका, त्या परातीत मी पीठ मळतो." म्हणाला, "दाजी, तेल चांगलं शे, काय व्हस?" एका रविवारी गाडीखाली उताणा पडून शाफ्ट दोन्ही हातांनी हलवत राहिला, खिळखिळ किती ते मोजत. शाफ्टच्या जोडातला क्रॉस गेला होता, एवढंच निघालं. गियरबॉक्स तपासायचा तर गाडी एकेका गियरमध्ये टाकून मला मागचं चाक ढकलायला लावलं. माझं वय त्यानं विचारात घेतलं नाही, गियरबॉक्सचं घेतलं.

चौथ्या रविवारी आत बसून पेडल बघत होता. क्लचचा रबर, ब्रेकचा रबर. मग डावीकडे वाकला. शेजारच्या सीटसमोर, जिथं काहीच नसतं, तिथं खालची चटई टाचेएवढी झिजून पत्रा उघडा पडला होता.

"दाजी, अठे कोन ब्रेक मारे?"

"तुझी बहीण," मी म्हटलं. "मी जरा पाय दाबला की ती तिकडून ब्रेक दाबायची. तीस वर्षं दाबला."

"लागे का?"

"नाही लागला कधी. पण मी हळू करायचो."

त्यानं त्या पत्र्यावर तळहात ठेवला. मग पान्यांची पिशवी भरली आणि दुपारच्या एसटीनं निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

पाचव्या रविवारी इंजिनाला हात घालण्यावाचून दुसरं काही उरलं नव्हतं. त्यानं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं, खाली ब्लॉक चिंधीनं पुसून काढला आणि वरून नख फिरवत नेलं. दोन नंबर आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये जी जागा, तिथं नख अडकलं.

"चीर शे," तो म्हणाला.

"मी फोडलं," मी म्हटलं. "उकळती हाकली. ती थांबा म्हणाली, तरी हाकली."

"माले पहिला रविवारलेच समजनं."

"मग इतके रविवार मागे काय करत होतास?"

"तुम्ही कधी सांगशात, त्यानी वाट देखत व्हतू."

मला राग आला. म्हटलं, "सांगितलं ना आता. त्या सरपंचाला उन्हात उभं केलंस, मलाही कर. मी दाजी आहे म्हणून सोडू नको."

तो चिंधीनं एकेक बोट पुसत राहिला. मग म्हणाला, "सरपंच लग्नले जाई ऱ्हायंता, दाजी." आणि मग खाली बघूनच, "तुम्ही थांबतात तर इंजिन वाचतं. अक्का रस्तामाच जाती. माले अकरा दिन भेटनात."

ते अकरा दिवस तो दवाखान्यातून हलला नव्हता. गॅरेजला कुलूप होतं. तिच्या उशाशी बसून कोणत्या गिऱ्हाइकानं कोणती गाडी कशी बिघडवली ते सांगायचा, आणि ती नळी लावलेली असताना हसायची. डॉक्टर रागवायचे. मला हे माहीत होतं. पण ते अकरा दिवस त्या फुटलेल्या इंजिनानं दिले, असा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. परत आलो तर तो खडूनं भिंतीवर लिहीत होता, त्याच्या तिसरीच्या अक्षरात. हाउसिंग चांगलं. गेरबाक्स चांगला. क्रास बदली. इंजन दुसरं.

मुलाला सांगितलं, भंगारवाल्याला पाठवू नको, मामा नाही म्हणतो. मुलगा म्हणाला, "मामाला कोणती गाडी मेलेली वाटते, आबा?" त्याचंही खरं आहे.

दुसरं इंजिन अजून मिळालेलं नाही. जळगाव झालं, धुळं झालं, फैजपूरला एक मिळत होतं, तर यानं पाना लावून ऐकलं आणि नको म्हणाला, आवाजात माणुसकी नाही म्हणे. मिळेल असं मला आता वाटत नाही, आणि घाईही नाही. रविवारी तो येतो. मी दोन भाकरी जास्त थापतो. वाकड्या होतात, कडेला करपतात. तो एकही टाकत नाही. खाली मान घालून खातो आणि म्हणतो, अक्काच्या भाकरी अशाच व्हायच्या. तिच्या भाकरी चंद्रासारख्या गोल असायच्या, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मी त्याच्या ताटात आणखी अर्धी टाकतो.