मागितलं तेवढंच

मालशेकाकांच्या घरी पाणी मागितलं की पाणीच मिळायचं. नेरूळच्या सोसायटीत आम्ही नवीनच राहायला आलो होतो. एका दुपारी मी किल्ली विसरले आणि दोन तास शेजारी त्यांच्याकडे बसून राहिले. पाण्याचे तीन ग्लास झाले. मग काका स्वतःपुरता चहा घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "तुम्ही मागितला असतात तर दिला असता." असा राग आला मला!

काका कोकणातल्या एका कोर्टात शिरस्तेदार होते. लोकांचे अर्ज लावण्यात जन्म गेलेला. निवृत्त झाल्यावर सोसायटीची भांडणं आपोआप त्यांच्याकडे गेली. अर्ज लेखी हवा, हा पहिला नियम. आणि अर्ज ते शेवटच्या ओळीपासून वाचत. "वरचं सगळं रडगाणं असतं. मागणी तळाशी असते," असं म्हणत. कुणी जास्तीचा न्याय मागायला लागलं की म्हणत, "कोर्ट म्हणजे पंगत नव्हे, आग्रह करून वाढायला. मागितलं तेवढंच पानात."

आमच्यावर प्रसंग आला तो कोंबड्यामुळे. बाळाला सांभाळायला सासूबाई साताऱ्याहून आल्या, त्या लाडका कोंबडा काखेत मारूनच. त्याचं नाव सरपंच. सरपंच आमच्या गॅलरीतून पहाटे चारला आरवायचा. वरच्या मजल्यावरच्या दिघ्यांनी अर्ज ठोकला. सासूबाईंनी मला बजावलं, "कोंबडा गेला तर मी बी माघारी जाती." म्हणजे माझी बेलापूरची नोकरी त्या कोंबड्याच्या चोचीत होती.

रविवारी गच्चीवर सुनावणी झाली. अख्खी सोसायटी दिघ्यांच्या बाजूने. "कोंबडा हाकलाच!" असा गलका सुरू झाला. काकांनी चष्मा लावला आणि शेवटची ओळ वाचली: 'सदर कोंबड्यास सकाळी सहाच्या आत आरवण्यास मनाई व्हावी.'

"हाकला असं कुठं लिहिलंय?"

"अहो, आता सांगतोय ना! रोजचं टेन्शन झालंय नुसतं!" दिघे ओरडले.

"मग नवा अर्ज आणा. ताईंना नोटीस जाईल. उत्तराला पंधरा दिवस."

निकाल लागला: सहापर्यंत सरपंच टोपलीखाली, वरून गोधडी. मला तर काकांच्या पाया पडावंसं वाटलं. पण सासूबाईंना जोर चढला. "आन् ह्यांच्या कुंड्यांचं पानी आमच्या पापडावर गळतंय, त्येचं बी सांगा की!"

"तुमचा अर्ज नाही," काका म्हणाले आणि उठले. सासूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दिघ्यांना मात्र सहापर्यंत झोप लागायला लागली आणि नवा अर्ज काही आला नाही.

पुढे तीन वर्षांनी काका मुलीकडे नागपूरला कायमचे निघाले. आदल्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली. मीही शेवटची ओळ आधी वाचली: 'उद्या पहाटे चारला उठणे आहे. फक्त उद्यापुरता कोंबडा न झाकण्याची विनंती.'

सरपंच तीन वर्षांचं साठलेलं आरवला. दिघे तणतणत गॅलरीत आले, खाली रिक्षात बॅगा चढताना दिसल्या, तशी त्यांनी मुकाट्याने हात हलवला. सासूबाई भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून खाली उतरल्या. पिशवी बघून रिक्षात बसलेले काका गडबडले.

"ताई, हे मी मागितलं नव्हतं."

"मी काय कोरट हाय व्हय?" सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून दिली.